खर्च पुढे, वर्ग मागे : खानापुरातील प्रशिक्षण केंद्राचा माझा अनुभव

आठव्या महिन्याचा अहवाल पाठवून चार दिवस झाले नसतील, तोच बेंगळुरूच्या राज्य कार्यालयातून खुलासा मागणारे पत्र आले. पहिल्या हप्त्यातील ८१ टक्के रक्कम खर्च झाली असताना २१० पैकी केवळ ४८ मुलींचेच प्रशिक्षण पूर्ण कसे, असा त्यात सरळ प्रश्न होता. आराखड्याप्रमाणे तोवर ९० मुली तयार व्हायला हव्या होत्या. दोन्ही आकडे मीच भरलेले होते. पण खर्चाचा आकडा लेखापालाच्या वहीतून आणि मुलींचा आकडा हजेरीच्या यंत्रातून आलेला असल्यामुळे ते शेजारी शेजारी ठेवून मी कधी पाहिलेच नव्हते.

हा प्रकल्प दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतील होता. २०१४ साली सुरू झालेल्या या योजनेत तेव्हा कर्नाटकात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के असे, आणि पैसा २५, ५०, १५ व १० टक्के अशा चार हप्त्यांत मिळे. पुढचा हप्ता मिळण्यासाठी आधीचा पैसा खर्ची पडलेला असून भागत नसे, तर त्या पैशातून ठरलेले प्रशिक्षणही झालेले दिसावे लागे. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापुरात केंद्रप्रमुख होते. आमच्याकडे शिवणयंत्र चालवण्याचा तीन महिन्यांचा निवासी वर्ग होता. त्याचे ५७६ तास भरतात. रोज आठ तास धरले तर पूर्ण ७२ दिवस.

हे ७२ दिवस कोणत्या महिन्यांत बसवायचे, याचा विचार आराखडा करणाऱ्यांनी बेंगळुरूत बसून केला होता आणि मी तो मुकाट्याने स्वीकारला होता. दुसरी तुकडी सप्टेंबरच्या आरंभी सुरू झाली. आधी गणपतीला मुली घरी गेल्या, त्यातल्या काही परतल्या आणि मग भाताची कापणी आली. जांबोटीच्या बाजूच्या एका मुलीच्या घरी मी स्वतः गेले, तेव्हा तिचे वडील शांतपणे म्हणाले, "सुगी सरली की धाडतो की ओ बाई." त्यांचे काही चुकले नव्हते, कारण दिवसाची मजुरी देऊन माणूस लावण्यापेक्षा घरातली मुलगी शेतात असणे त्यांना परवडत होते. शिवाय एका मोठ्या गावात त्याच वर्षी लक्ष्मीची यात्रा होती. ही यात्रा अनेक वर्षांनी एकदा भरते आणि घरोघरी पाहुणे येतात, त्यामुळे त्या गावच्या पाचही मुली यात्रेला जाणार हे मला आधीच कळायला हवे होते. तीसची तुकडी अठरावर आली.

खर्च मात्र अठरावर येत नाही. इमारतीचे भाडे, शिक्षिकांचे पगार, वसतिगृहातील स्वयंपाकिणीचे मानधन आणि विजेचे बिल तीस मुलींच्या हिशेबानेच जात राहिले, म्हणजे दर मुलीमागे या बाबींचा बोजा दीडपटीहून अधिक झाला. त्यातच यंत्रे एकदाच घेतली तर बरी किंमत मिळेल म्हणून मी सर्व तीस शिवणयंत्रे पहिल्याच महिन्यात खरेदी केली होती. तो निर्णय आजही मला चूक वाटत नाही, पण त्यामुळे खर्चाची टक्केवारी सुरुवातीलाच फुगणार आहे हे अहवालात एका ओळीने लिहायला हवे होते, आणि ते मी लिहिले नाही.

खुलासा लिहिताना प्रथम मोह झाला तो पाऊस, नेटवर्क आणि बायोमेट्रिक यंत्र यांच्यावर सगळे ढकलण्याचा. पावसाळ्यात यंत्रावरची हजेरी वेळेवर ऑनलाइन चढत नसे आणि शेतात काम केलेल्या काही मुलींचे अंगठे यंत्र ओळखत नसे, हे खरेच होते. दुसरी बोटे नोंदवून घेतल्यावर अंगठ्यांचा प्रश्न आठवड्यात सुटला होता, त्यामुळे ते कारण देण्यात अर्थ नव्हता. शेवटी मी गळतीचे आकडे गावनिहाय दिले, उरलेल्या पाच तुकड्यांचे नवे वेळापत्रक जोडले आणि त्यास लेखी मंजुरी मागितली. सुगी आटोपल्यावर डिसेंबरच्या मध्यात एकदम दोन तुकड्या सुरू करायच्या आणि लग्नसराई ऐन भरात येण्याआधी त्यांचे मूल्यमापन उरकायचे, असा तो बेत होता. मंजुरी यायला पाच आठवडे लागले. तेवढ्या काळात नवी भरती थांबवली आणि एका शिक्षिकेला गावोगावच्या पालकांना भेटण्याचे काम दिले.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी लेखापाल आणि मी एकच कागद समोर घेऊन बसू लागलो. त्यावर तुकडीवार ठरलेली मुलींची संख्या, त्या आठवड्यात प्रत्यक्ष बसलेल्या मुली, दिलेला पैसा आणि ज्याचे बिल अजून यायचे आहे असा बांधील खर्च असे चारच रकाने होते. चौथा रकाना सर्वांत उपयोगी ठरला, कारण किराण्याचे दोन महिन्यांचे बिल थकलेले असताना बँकेतील शिल्लक पाहून आम्ही स्वतःला सधन समजत होतो.

पैशाच्या बाजूने मला सर्वांत महाग पडली ती अग्रिमाची, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेची नोंद. मुलींना कारखाना दाखवायला नेण्यासाठी शिक्षिकेला दिलेले ४०,००० रुपये मी त्याच दिवशी खर्चात धरले होते. लेखापरीक्षकांनी ते पुसून टाकले, कारण व्हाउचर येईपर्यंत ती रक्कम अग्रिमच असते आणि उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे अनुदान कसे वापरले याच्या दाखल्यात, खर्च म्हणून दाखवता येत नाही. दुरुस्तीच्या खर्चशीर्षात उरलेले पैसे प्रवासाकडे वळवायलाही आधी परवानगी लागते, हेही तेव्हाच कळले. खात्यावर जमलेले व्याज आपले नसते आणि ते सरकारकडे परत भरावे लागते, हे निदान मला माहीत होते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ते स्पष्ट आहे.

प्रशिक्षणानंतरची बाजू सीमाभागाला साजेशी निघाली. किमान ७० टक्के मुलींना नोकरी मिळावी आणि तिचा तीन महिन्यांच्या पगाराचा पुरावा असावा अशी अट होती, आणि आमच्या बऱ्याच मुली रस्त्याने फार दूर नसलेल्या, पण महाराष्ट्रात मोडणाऱ्या शिनोळीच्या औद्योगिक भागात लागल्या. तेथील एका कारखान्याने पगारपत्रके मराठीत दिली. पडताळणीसाठी आलेल्यांना ती कन्नड वा इंग्रजीत हवी होती. मी दोन रात्री बसून भाषांतर केले, तर ते कारखान्याच्या सहीशिक्क्याशिवाय चालेना. मग बँकेच्या पासबुकातील पगाराच्या नोंदींवर तोडगा निघाला. तेव्हापासून नोकरी देणाऱ्याला पहिल्याच भेटीत मी पगार बँकेत जमा करणार का, हे विचारू लागले, आणि रोखीत पगार देणाऱ्या दोन शिवण कारखान्यांकडे मुली पाठवणे बंद केले, जरी ते घरापासून जवळ होते. त्याबद्दल काही पालकांची माझ्यावर अजून नाराजी आहे.

दुसरा हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जमा झाला. शेवटच्या तुकडीतील चार मुलींचा तिसऱ्या महिन्याचा पगार अजून पासबुकात उतरायचा आहे आणि तोवर दहा टक्क्यांच्या अखेरच्या हप्त्याची फाईल माझ्या टेबलावरच आहे.