तुम्ही विचारलंत म्हणून: पुळणीवरून बर्फाच्या वाटेवर

नवरात्र उलटलं की हा प्रश्न हमखास येतो. लेक ओस्लोला, भाचा हेलसिंकीला, नातू ओटावाला. फेब्रुवारीत तिकडे जायचं ठरलंय आणि मुलं म्हणतायत, चला, जंगलातल्या वाटेवर क्रॉस कंट्री स्कीइंग करू. आम्ही गुहागरचे, दापोलीचे, मालवणचे. बर्फ पाहिला तो मासळीच्या पेटीत. पन्नाशी उलटलीय. जमेल का? आणि आतापासून काय काय घेऊन ठेवू?

जमेल. आणि घेऊन काही ठेवू नका.

आधी एक घोळ निस्तरू. टीव्हीवर डोंगरावरून सुसाट खाली येतात ते स्कीइंग वेगळं. त्यात टाच पायाखालच्या लांब पट्टीला, म्हणजे स्कीला, घट्ट जखडलेली असते आणि वर जायला पाळणा असतो. आपल्याकडे औलीला, गुलमर्गला हौशी पर्यटकांना शिकवतात ते बहुतेक हेच. क्रॉस कंट्रीत बूट फक्त चवड्याशी अडकतो, टाच मोकळी उचलते. चढायचंही स्वतःच्या पायांनी आणि उतरायचंही. त्यामुळे औलीला चार दिवस काढून आलेल्यालाही इथे पुन्हा बालवर्गातच बसावं लागतं. आणि बर्फाच्या गावात जन्म घ्यायला हवा असंही नाही. कॉफीच्या मळ्यांच्या कोडगूतली भवानी थेक्कडा नंजुंडा भारताकडून याच खेळात उतरते.

जंगलातली तयार केलेली वाट म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला एका वाक्यात सांगता येतं: नुकतंच सारवलेलं खळं. रात्री किंवा पहाटे साखळीपट्ट्यांवर चालणारं यंत्र येतं, बर्फ कातरून दाबतं, आणि मागे शेणाच्या हाताने ओढल्यासारख्या बारीक समांतर रेघा राहतात. त्याच वाटेच्या कडेला ते दोन खोलगट चऱ्याही पाडत जातं, एकमेकींपासून साधारण वीतभर अंतरावर, काही सेंटिमीटर खोल. या चऱ्यांत दोन पट्ट्या ठेवून सरळ चालल्यासारखं घसरायचं, ती क्लासिक पद्धत. मधल्या रेघांच्या भागावर पाय तिरके टाकत जायचं, ती स्केटिंग. तुम्ही क्लासिकच धरा. चरी पट्टीला सरळ ठेवते, म्हणजे अर्धं काम तिनेच केलं. स्केटिंग दिसतं देखणं, पण नवख्याचा दम दोनशे मीटरमध्ये काढतं.

आता मुख्य गोष्ट. पट्टी सपाट नसते, तिला कमान असते. दोन पट्ट्या पोटाला पोट लावून धरल्या तर मध्ये फट दिसते, बांबूच्या दोन वाकवलेल्या कामट्या जोडाव्यात तशी. दोन्ही पायांवर सारखं वजन असलं की कमान उचललेली राहते आणि पट्टी पुढच्या-मागच्या टोकांवर घसरते. सगळं वजन एका पायावर आलं की ती कमान दबते, पायाखालचा मधला भाग बर्फाला टेकतो आणि पकड मिळते. त्या क्षणी खाली रेटायचं आणि दुसऱ्या पायावर घसरत जायचं. एवढाच खेळ आहे. नवखा माणूस भीतीपोटी वजन दोन्ही पायांत वाटून ठेवतो. मग कमान धड दबतही नाही, धड सुटतही नाही, पाय मागे सटकतो आणि माणूस दुकानदाराला शिव्या घालतो. म्हणून तयारी करायची ती एका पायावर निवांत उभं राहण्याची, आणि त्यासाठी ओल्या पुळणीपेक्षा चांगली जागा नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आपल्या किनाऱ्यावर पहाटे सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. कर्दे-मुरूडसारखी घट्ट, रुंद पुळण तेव्हा उघडी पडते. अनवाणी जा. घोटा आणि गुडघा किंचित वाकवून एका पायावर उभे राहा: नाक, गुडघा, अंगठा एका ओळीत. तीस सेकंद, मग दुसरा पाय, असं तीनदा. आठवड्याभरात सोपं वाटायला लागलं की डोळे मिटून करा. तेव्हा कळेल की आजवर तोल पायांनी नाही, डोळ्यांनी सांभाळत होतो.

मग घोट्यापासून अंग पुढे झुकवून, पडता पडता सावरल्यासारखं लांब पावलांनी पन्नास पावलं जा आणि मागे वळून ठसे बघा. ठसे खोटं बोलत नाहीत. टाच खोल रुतलेली दिसली तर तुम्ही मागे बसताय. बर्फावर याच सवयीने ढुंगणावर आपटाल. चवड्याच्या ठशामागे वाळू उडालेली दिसली तर तुम्ही पाय मागे ढकलताय, तोही उशिरा. पट्टी मागे ढकलली की घसरतेच. तिला खाली दाबायचं असतं, तेही पाय अजून अंगाखाली असतानाच. चांगला ठसा सपाट असतो, कडा न फुटलेला. असे दहा ठसे सलग पडले की अर्धं स्कीइंग आलं समजा.

काठ्यांसाठीही दुकानात जायला नको. अॅल्युमिनियम येण्यापूर्वी स्कीच्या काठ्या बहुतेक बांबूच्याच असत. माणग्याच्या दोन सरळ काठ्या घ्या, लांबी उंचीच्या ८३ टक्के. म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीला साधारण १३७, जमिनीपासून साधारण खांद्यापर्यंत येईल इतकी. स्पर्धेतही क्लासिकच्या काठीला हीच वरची मर्यादा आहे. टोकाला रबर बसवा. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे. काठी तिरकी, टोक मागे झुकलेलं, पावलाच्या बरोबरीने किंवा थोडं मागे. म्हाताऱ्याच्या काठीसारखी पुढे उभी टेकली की ती ढकलत नाही, अडवते. हात कंबरेच्या मागे जाऊ द्या, तिथे मूठ सैल सुटली पाहिजे. आठवड्यातून दोन दिवस पुळण आणि एक दिवस पाखाडी, काठ्या घेऊन, वर जाताना दमदार आणि उतरताना सावकाश. आठ आठवडे पुरे. पावसाळ्यात मात्र शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर हे प्रयोग नकोत, आणि रक्तदाब किंवा हृदयाचं काही दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

रोलर स्कीचं काय, हेही कोणीतरी विचारतंच. चाकांच्या त्या पट्ट्यांवर खेळाडू उन्हाळाभर सराव करतात हे खरं. पण बहुतेकांना ब्रेक नसतो. तिकडे थांबायला कडेच्या गवतात पाय टाकतात. आपल्या रस्त्याच्या कडेला गटार आणि जांभ्याचे चिरे असतात, समोरून एसटी येते आणि मागून कुत्री. दहा दिवसांच्या सुट्टीसाठी हा उद्योग करू नये. कोणाला खरंच पुढे जायचं असेल तर सड्यावरचा नव्या डांबराचा सपाट तुकडा, सकाळची वेळ, हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि उलटं न फिरणारं चाक असलेली क्लासिक जोडी. रस्ता ओला असेल त्या दिवशी सुट्टी.

तिथे गेल्यावर सामान भाड्याने घ्या. पट्टीची लांबी ढोबळमानाने उंचीपेक्षा १० ते २० सेंटिमीटर जास्त, पण खरा हिशेब वजनाचा, कारण कमान तुमच्या वजनाला दबली पाहिजे. दुकानदार वजन विचारेल तेव्हा कपड्यांसकट खरं सांगा. लग्नाच्या बायोडेटातलं नको. मग कागदाची परीक्षा घ्या. कडक सपाट फरशीवर दोन्ही पट्ट्यांवर सारखं वजन देऊन उभे राहा. पायाखालून कागद सहज सरकला पाहिजे. एका पायावर या. कागद अडकला पाहिजे. दोन्ही वेळा अडकला तर पट्टी तुमच्यासाठी मऊ, जाल तिथे खरडत जाल. एका पायावरही सरकला तर कडक, आणि मग चढावर मरण. साधारण ६५ मिलिमीटरपेक्षा रुंद पट्टी दिली तर परत करा, ती चरीत नीट बसत नाही. कोणी जुनी जोडी फुकट देत असेल तर बूट तिच्यावरच्या खटक्यात अडकतो का ते आधी बघा. जुन्या आणि नव्या पद्धतींचे खटके एकमेकांना लागत नाहीत.

पकडीसाठी तीन प्रकार मिळतात. खवल्यांची पट्टी: पोटाला सुरमईसारखे नाही, जाड कोरलेले खवले, पुढे घसरतात आणि मागे अडतात. चालताना घरघर आवाज करते, पण बिनडोकेदुखीची. दुसरी, पोटाला मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची पट्टी चिकटवलेली. पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच मागावी. तिचा एकच तोटा: तापमान शून्याजवळ असताना ताजा ओला बर्फ पडला की केसांत गोठून गोळे होतात, त्यासाठी दुकानात एक द्रव मिळतो, तो आधी चोळायचा.

तिसरा प्रकार मेणाचा, आणि इथे जाणती माणसंही भांडतात. थंड बर्फाचे कण टोकदार आणि कडक, त्यांना कडक मेण. जुना, ओलसर बर्फ गोल झालेला, त्याला मऊ. भिरंडेल थंडीत दगडासारखं आणि उन्हाळ्यात लोण्यासारखं होतं, तसंच हे, फक्त प्रत्येक तापमानाची कांडी वेगळी. खूप थंडीला हिरवी, शून्याखाली काही अंशांना निळी, शून्यालगत जांभळी, त्याच्या वर लाल. टाचेखालून पुढे हात-सव्वा हात लांबीवर पातळ थर द्यायचा, बुचाने घासून एकजीव करायचा, असे तीन-चार थर. पाय सटकला तर आणखी थोडं पुढेपर्यंत लावा किंवा एक पायरी मऊ कांडी घ्या. बर्फ पट्टीला चिकटून पाय जड झाला तर मेण फार मऊ झालं, खरवडा. कडकवर मऊ चढतं, मऊवर कडक चढत नाही. वितळून पुन्हा गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर कुठलीच कांडी चालत नाही. तिथे क्लिस्टर नावाची ट्यूब लागते. क्लिस्टर म्हणजे फणसाचा चीक समजा. हाताला, बॅगेला, मोटारीच्या सीटला, एकदा लागला की सुट्टीभर पुरतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. आणि कोणी जुनं फ्लोरिनवालं मेण देऊ केलं तर नको म्हणा. २०२३-२४च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने शर्यतींतून ते हद्दपार केलंय. एक खरं सांगायचं, तर पाय सटकला की दहातले नऊ जण मेणाला दोष देतात, आणि चूक वजनाची असते.

कपड्यांत आपली माणसं हमखास चुकतात. मुंबईहून जाड पिसांचं जॅकेट आणतात आणि आत सुती बनियन. दहा मिनिटांत घामाने बनियन भिजतं, थांबलात की उणे आठमध्ये तेच अंगाला बर्फाच्या फडक्यासारखं चिकटतं. आत लोकरीचा पातळ थर उत्तम. तो नसेल तर कबड्डी मंडळाचा नावं छापलेला पॉलिएस्टर टीशर्टसुद्धा सुती बनियनपेक्षा शंभर पटींनी बरा. त्यावर एक मधला थर, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. नाही वाजली तर जास्त घातलंय. लोकरीचा एकच मोजा, दोन नकोत, बूट आवळला की बोटं गार पडतात. शेंगदाण्याची चिक्की खिशात न्या, पण आतल्या खिशात. बाहेरच्या खिशातली दात पाडते.

पहिल्या दिवशी सकाळी दहा ते दोनची वेळ धरा. त्याआधी चऱ्या काचेसारख्या असू शकतात. सपाट, सर्वांत सोप्या खुणेची वाट. नॉर्वे-स्वीडनकडे ती हिरव्या रंगाची. ओस्लोत मेट्रोची १ नंबरची गाडी होल्मेनकोलेन ओलांडून थेट नूरमार्काच्या जंगलाशी सोडते, हेलसिंकीत पालोहेइना आहे, ओटावाजवळ गातिनो पार्क.

बुटाच्या तळाशी चवड्यापाशी लोखंडी दांडी असते. तिला चिकटलेला बर्फ काठीच्या टोकाने खरवडल्याशिवाय खटका लागत नाही, आणि अर्धवट लागलेला उतारावर सुटतो. पहिली वीस मिनिटं काठ्या बाजूला खोचून ठेवा. हातात काठी असली की माणूस तिच्यावर रेलतो. चरीत नुसतं चाला, मग प्रत्येक पावलाला थोडं घसरू द्या, पुळणीवरचा तोच एक पाय आठवा. काठ्या घेतल्यावर काठीच्या मुठीला असलेल्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि पट्टा व मूठ एकत्र धरायची. वरून हात घातलात तर पडताना अंगठा दुखावतो.

चढ आला की चरीतून बाहेर या, टाचा जवळ, टोकं फाकवून आतल्या कडांवर चढा. मागे माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. नॉर्वेत या चालीला ‘फिस्केबाइन’, म्हणजे माशाचा काटाच म्हणतात. उताराला उलटं: टाचा बाहेर, टोकं जवळ, गुडघे वाकलेले, हात पुढे दिसतील असे. चरीत राहून असं थांबता येत नाही, म्हणून उतार सुरू होण्याआधीच एक पट्टी उचलून बाहेर काढा. भीती वाटली तर पट्ट्या काढून कडेने चालत उतरा, त्यात लाज नाही. पडायचंच झालं तर कडेला, कुल्ल्यावर. उठताना पट्ट्या उताराला आडव्या आणि अंगाच्या खालच्या बाजूला आणा, गुडघ्यांवर या, मग उठा. आणि आधी वाटेतून बाजूला व्हा, खाली येणाऱ्याला वाट द्यायची असते. बूट घालून चरीत मात्र चालू नये. ओल्या सारवणावर पाय दिला तर आजी काय म्हणायची ते आठवा. तिकडची माणसं बोलत नाहीत, नुसती बघतात.

पहिल्या दिवशी पाच किलोमीटर म्हणजे तास-दीड तास, आणि तेवढं पुष्कळ झालं. स्वीडनच्या वासालोपेट शर्यतीत १९२२पासून ९० किलोमीटर जातात, हे मुलांनी सांगितलं तरी मनावर घेऊ नका.

इतकं करून गोडी लागली आणि बूट विकत घेऊन परत आणावेसे वाटले, तर कोकणातला पावसाळा ध्यानात ठेवा. दमट हवेत पॉलियुरेथेनचे तळवे आतून भुसभुशीत होतात. वरून नवा दिसणारा बूट पुढच्या वेळी पहिल्याच खटक्याला तुटतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, जूनपासून दर पंधरवड्याला बदला आणि कपाटात वारा लागेल असे ठेवा. पट्ट्या आणल्याच तर पकडीचं मेण पूर्ण पुसा, घसरण्याच्या मेणाचा जाड थर देऊन ठेवा आणि खटक्याच्या स्प्रिंगला तेलाचा थेंब सोडा, नाहीतर गणपतीपर्यंत गंज चढलेला असेल.