भाडं ह्यांच्या खात्यात, अर्धं माझ्या रिटर्नमध्ये

मडगावचा आमचा फ्लॅट ह्यांच्या नावावर आहे. एका कंपनीने तो आपल्या अधिकाऱ्यासाठी महिना 25,000 भाड्याने घेतला आहे. भाडं ह्यांच्या खात्यात जमा होतं, 2024-25 मध्ये टीडीएसही (देतानाच कापून घेतलेला कर) ह्यांच्याच पॅनवर कापला गेला. पुण्याचे माझे दीर म्हणाले, "वहिनी, मग तुमचा काय संबंध? सगळं दादाच्याच रिटर्नमध्ये जाणार." पुण्यात ते बरोबर. गोव्यात नाही.

आमचं लग्न गोव्यात नोंदलेलं, विवाहपूर्व करार केलेला नाही. म्हणजे गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे संपत्ती दोघांची. 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 5ए तेच धरून चालतं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं. ह्यांची पेन्शन (तीही पगारातच धरतात) आणि माझा शिक्षिकेचा पगार ज्याचा त्याच्याकडे. भाडं आणि ठेवींचं व्याज मात्र वाटून.

2024-25 चा हिशेब असा झाला. वर्षाचं भाडं 3,00,000, त्यातून नगरपालिकेत भरलेली घरपट्टी 6,000 वजा. उरलेल्या 2,94,000 वर 30 टक्के, म्हणजे 88,200 ची वजावट. दुरुस्तीवर खरोखर किती गेले हे कुणी विचारत नाही. घरपट्टी मात्र त्याच वर्षात भरलेली हवी. राहिले 2,05,800, प्रत्येकी 1,02,900.

रिटर्नचा सोपा फॉर्म आयटीआर-1 इथे चालत नाही, म्हणून दोघांनी आयटीआर-2 घेतला. त्यात शेड्यूल 5ए आहे: जोडीदाराचं नाव, पॅन, मग कुठल्या प्रकारचं उत्पन्न किती आणि त्यातलं जोडीदाराच्या वाट्याला किती. खरी मेख टीडीएसची. कापलेले 30,000 सगळे ह्यांच्या 26एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, दिसतात. ह्यांनी 15,000 स्वतःकडे घेतले आणि उरलेले कलम 5ए खाली माझ्या पॅनवर दाखवले. मी माझ्या रिटर्नमध्ये तेवढेच ह्यांचा पॅन देऊन मागितले. दोन्ही रिटर्न शेजारी-शेजारी उघडून एकेक आकडा ताडून पाहिला.

माझा स्लॅब वरचा, त्यामुळे घरातला एकूण कर थोडा वाढला. दीर म्हणाले, "मग कशाला हा खटाटोप?" पण ही आपल्या सोयीची निवड नाहीच, गोव्यात कायदाच तसा आहे. आणि फ्लॅटच्या कागदावर माझं नाव नसताना आयकराच्या कागदावर अर्धं उत्पन्न माझं म्हणून नोंदलं जातं, ह्याचं मला फार मोल वाटतं. तो जास्तीचा कर मी माझ्या खात्यातून भरला.