पणजोबांची पलटण कोणती?

सोलापुरात बाळीवेशीतल्या जुन्या घराच्या माळ्यावर, ज्वारीच्या कणगीमागे पत्र्याची पेटी सापडली. आत पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं चांदीचं पदक आणि फौजेतून सुटल्याचा कागद. पदकाच्या कडेवर भिंगातून वाचलं: ११७ मराठा. कागदावर मात्र ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, बटालियन ५. दोन रात्री मला वाटत राहिलं, पदक दुसऱ्याच कुणाचं तर नाही ना?

मग उलगडलं. १९२२ साली पलटणींची फेररचना झाली, तेव्हा ११७ चीच ती ५ वी बटालियन झाली. पदक युद्धातल्या पलटणीचं, कागद नंतरचा. दोन्ही खरे. (पदक घासून चकचकीत करू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. आमच्याकडे एक अक्षर असंच गेलंय.)

वयाचा घोळ मात्र सुटेना. भरतीच्या नोंदीत १९१४ साली वय २०. आजी सांगायची, दादांचा (म्हणजे पणजोबांचा) जन्म मोठ्या दुष्काळात, आई खडी फोडायच्या कामावर असताना झाला. सोलापूर भागातला तो दुष्काळ १८९६-९७ चा. म्हणजे भरतीवेळी जेमतेम सतरा-अठरा!

नोंद भरतीच्याच दिवशीची, पण वय सांगणारे ते स्वतःच, आणि नोकरीची गरजही त्यांनाच. जन्मदाखला कुणी बघितला असणार? मी आजीच्या बाजूने आहे. वंशावळीत जन्म १८९७ च्या सुमारास लिहिलाय, शेजारी पेन्सिलने भरतीचं वयही.