नको म्हटलं तर

परवा कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत नव्या जोड्यांची चाचणी होती. आपत्तीनंतर निवारा केंद्रातल्या लोकांना धीर द्यायला जाणारी आमची जोडी म्हणजे एक माणूस आणि त्याचा कुत्रा. पास-नापास दोघं मिळूनच होतात. आलेले कुत्रे सगळे गुणी, वर्षानुवर्षं इस्पितळांत जाऊन आलेले. पण तिथं शांत बसणारा कुत्रा जनरेटरच्या घरघरीत, मास्क लावलेल्या गर्दीत, काजळीच्या वासात तसाच राहील असं नाही. म्हणून आम्ही स्ट्रेचर ढकलत नेतो, पत्र्याचं ताट पाडतो, कुणी मोठ्यानं रडायला लागतं.

एका बाईंचा लॅब्रॅडॉर यातून सहज पार पडला. शेवटी आमचा एक सहकारी घर गमावलेला माणूस होऊन खाटेवर बसला होता.

"नको," तो म्हणाला.

"अहो, खूप प्रेमळ आहे तो!" म्हणत बाईंनी कुत्र्याला पुढे केलं.

कुत्र्यानं मान फिरवली, ओठ चाटले, जांभई दिली. ही जांभई झोपेची नसते. त्याला ताण आलेला असतो. दोघंही नको म्हणत होते आणि बाईंना एकाचंही ऐकू येत नव्हतं.

मी चाचणी थांबवली. मला चिकोचं निवारा केंद्र आठवलं.

८ नोव्हेंबर २०१८ ला चिको शहराजवळचं पॅरडाइज गाव वणव्यात जळालं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती राख झाल्या. चार-पाच दिवसांनी मी माझ्या कुत्र्याला, मोतीला घेऊन चिकोच्या केंद्रात गेले. एका आजोबांनी मोतीला पाहिलं आणि कूस बदलली. मला वाटलं, संकोचले असतील. मी मोतीला खाटेच्या दुसऱ्या बाजूला नेलं. ते उठले आणि बाहेर निघून गेले.

"त्यांची कुत्री घरातच राहिली," शेजारची बाई म्हणाली. आग आली तेव्हा ते गावाबाहेर होते. रस्ते बंद झाले, परत जाताच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोतीला घरी ठेवून मी माफी मागायला गेले. त्यांची खाट रिकामी होती. कुठे गेले, कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून भरतीच्या वेळी मी कुत्र्याआधी माणसाकडे बघते. लोक कौतुकानं कुत्र्याचे फोटो पाठवतात. मला बघायचं असतं ते एवढंच, की या माणसाला नकार ऐकू येतो का.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. नापासही केलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी काय करायला हवं होतं?"

"'बरं' म्हणायचं. मागे सरायचं आणि कुत्र्याला घेऊन तिथून निघायचं. नंतर त्यांनीच हाक मारली तर यायचं. नाही मारली तरी चालेल."

त्यांनी पट्टा सैल सोडला. कुत्रा दाराजवळच्या भांड्याकडे गेला आणि कितीतरी वेळ पाणी पीत राहिला.