पोटाखालचे शिक्के : बर्मिंगहॅम ते लिएज

बर्मिंगहॅमला फिरायला म्हणून सहसा कुणी जात नाही. लेस्टरच्या माझ्या मामेबहिणीने तर शेक्सपिअरच्या गावाचा बेत ठरवूनच ठेवला होता. मी नको म्हटलं. मला बॅनबरी स्ट्रीटवरचं प्रूफ हाउस, म्हणजे बंदुकीच्या नळ्या तपासून शिक्के मारणारी संस्था, बघायचं होतं, आणि फोनमध्ये आमच्या दुनळी बंदुकीचे ढीगभर फोटो होते.

दुनळी आजोबांची. भुदरगड तालुक्यातलं गाव, उसात रानडुकरं आणि गवे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ही बंदूक घरात आली. बाहेरून दिसणारे दोन घोडे, दोन चाप, आणि नळ्यांवर पुसट नागमोडी रेघा. आजोबा गेल्यावर ती कोल्हापुरात परवानाधारक दुकानात जमा झाली; आता काकांच्या नावाने परवाना होतोय. दुकानदार म्हणाला, "आठ दिवस द्या, बफ मारून (चाकावर घासून, पॉलिश करून) काळीकुळकुळीत करून देतो." काका लगेच तयार. मी अडून बसले. निदान ती कुणी, कुठे, कधी केली एवढं आधी कळू दे. घरात सगळे तिला 'इंग्लिश बंदूक' म्हणत आले, म्हणून बर्मिंगहॅम.

प्रूफ हाउस १८१३ साली संसदेच्या कायद्याने उभं राहिलं आणि आजही तेच काम करतं : नेहमीपेक्षा जोरदार बार भरून नळी तपासायची, टिकली तर शिक्का मारायचा. प्रवेशद्वारावर भाले, झेंडे, तोफा यांचं रंगीत शिल्प आहे. शेजारून रेल्वे धडधडत जाते आणि कर्झन स्ट्रीटच्या नव्या स्टेशनच्या बांधकामाने सगळा भाग खणून ठेवलाय. इमारत बघून जीव हरखला. मात्र बंदूकवाल्यांचा जुना मोहल्ला बघून वाईट वाटलं. सेंट मेरी चर्चच्या भोवती एकेकाळी गल्लीगल्लीत कारागीर होते. कुणी फक्त नळ्या करायचा, कुणी फक्त घोडे, कुणी दस्ते, आणि अर्धवट बंदूक पोरांच्या हातून एका घरातून दुसऱ्या घरात फिरायची. १९६० च्या दशकात रिंग रोडने तो मोहल्ला कापला. उरलेल्या रस्त्यांवर पार्किंग आणि काचेच्या इमारती. असल्या शहर नियोजनाचा मला मनापासून राग येतो.

प्राइस स्ट्रीटच्या बाजूला मात्र अजून काही कार्यशाळा तग धरून आहेत. मामेबहिणीच्या ओळखीतून तिथल्या एका वयस्क कारागिराने वेळ दिली होती. सगळ्या प्रवासातला हा तासदीड तास माझ्यासाठी खरा.

मी आधी नळ्यांमधल्या वरच्या पट्टीचा फोटो दाखवला. त्यावर इंग्रजीत 'लॅमिनेटेड स्टील' असं वळणदार कोरलंय. त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, "ते गिऱ्हाइकासाठी असतं. नळ्या काढून पोटाखाली काय आहे ते दाखवा." तो फोटो मी काकांकडून मुद्दाम मागवला होता. तो मोठा करून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही आमची नाही."

बर्मिंगहॅमची जुनी असती तर मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड दिसले असते. १८७५ ते १८८७ मधली आणि चोक (तोंडाशी किंचित अरुंद केलेली नळी) असलेली असती तर 'नॉट फॉर बॉल', १९०४ नंतर मुकुटाखाली बी पी आणि बी व्ही. आमच्या नळीवर होता एक अंडाकृती शिक्का, आत ई एल जी आणि खाली चांदणी. हा बेल्जियममधल्या लिएजचा. त्या अंडाकृतीवर १८९३ पासून मुकुट आला. आमच्यावर मुकुट नाही, म्हणजे बंदूक त्याआधीची. शेजारी १८.२ हा आकडा, नळीच्या आतला व्यास मिलिमीटरमध्ये. तपासनिसाचं एक अक्षर, आणि त्याहून बारीक दोन आद्याक्षरं. "हा नळी करणारा," ते म्हणाले, "त्याचं नाव बंदुकीवर दुसरीकडे कुठेच नसणार."

त्या दोन अक्षरांनी मला गदगदून आलं. इतकी वर्षं ती नळी आमच्या घरात होती आणि तो माणूस आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हता.

बफचं सांगितल्यावर त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी स्वतःच्या कामातल्या एका जोडनळीला दोरीने टांगलं आणि लाकडाने हलकेच टकटक केलं. देवळातल्या घंटेसारखा नाद निघाला. पट्टीचा डाख कुठे सुटला असेल तर आवाज भद्द येतो, ही पहिली तपासणी. मग नळीची जाडी जागोजाग मोजायची, पोचे शोधायचे. बफ मारला की आधीच पातळ झालेली नळी आणखी पातळ होते आणि शिक्क्यांच्या कडा जातात. आणि गरम क्षारांच्या टाकीतलं हल्लीचं काळं करणं? तो द्राव कथलाचा डाखच खातो, पट्ट्या सुटतात. दमास्कस, म्हणजे लोखंड आणि पोलाद एकत्र पिळून केलेल्या, नळीला जुनी रीतच हवी : बारीक गंज चढू द्यायचा, उकळत्या पाण्यात घालायची, तारेच्या मऊ ब्रशने झाडायची, पुन्हा गंज. असं कित्येकदा केल्यावर लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग घेतात आणि नक्षी वर येते. दस्त्यावरचे पोचे ओल्या फडक्यावर इस्त्री धरून वाफेने उठतात. लाकडात मुरलेलं तेल खडूच्या भुकटीने ओढून घ्यायचं. सँडपेपर लांब ठेवायचा. चहा त्यांनी दोनदा दिला, पैसे घेतले नाहीत.

मग लिएज आलंच. ब्रिटनच्या व्हिसावर बेल्जियमला जाता येत नाही, शेंगेनचा वेगळा काढावा लागतो. माझ्याकडे पॅरिसच्या जुन्या बेतासाठी काढलेला होता. पॅरिसला मग मी फक्त गाडी बदलली. भारतीय पासपोर्टवाल्याने आयत्या वेळी बेत बदलायचाच नाही, अशीच ही सगळी व्यवस्था आहे.

लिएजचं गिलमँ स्टेशन डोळे दिपवणारं आहे, पण मला थांबायचं नव्हतं. म्यूझ नदीकाठचं ग्राँ कुर्तियुस संग्रहालय निवांत होतं, शस्त्रांच्या दालनात मी आणि पहारेकरी एवढेच. दमास्कस नळ्यांसमोर मी हवा तेवढा वेळ उभी राहिले. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवून जोडायच्या, पिळायच्या, पिळलेले गज शेजारी शेजारी ठेवून दांड्याभोवती गुंडाळायचे आणि ठोकत ठोकत एकजीव करायचे. आमच्या नळीवरच्या नागमोडी रेघा म्हणजे तो पीळ.

हे काम वेद्र नदीच्या खोऱ्यात चालायचं. लोकल पकडून नेसोंव्होला उतरले. बघण्यासारखं काही नाही, हे खरं. अरुंद दरी, नदी, रेल्वे, दगडी घरं. जुलै २०२१ च्या महापुराने या खोऱ्याची दैना केली. पंचगंगेचा पूर बघितलेल्या माणसाला नदीलगतची अशी घरं बघून पोटात कालवतं. आमची दोन अक्षरं इथल्याच कुठल्या भट्टीतली असावीत, असं मी माझ्यापुरतं धरून चालले.

काकांना तिथूनच फोन लावला. बफ नाही, काळं करणं नाही. तेल, जाडीची मोजणी आणि दस्त्याची वाफ एवढंच. "मग चमकणार नाही," काका म्हणाले. नको चमकू दे. त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता : "आणि डुकरांचं काय?" नळ्या काळ्या दारूच्या चाचणीच्या आहेत. धूरविरहित दारूसाठी लिएजचा सिंह आणि पी व्ही असा वेगळा शिक्का असतो, तो आमच्या फोटोत नाही. आजचं काडतूस या नळीत घालायचं नाही, यावर माझी तडजोड नाही. कायद्याने एका माणसाला दोन बंदुका ठेवता येतात. उसासाठी दुसरी घ्या, असं मी सांगितलं. काका अजून विचार करतायत, आणि दुकानदाराला बफाला हात लावायचा नाही असं लेखी कळवलंय.