आधी अडचणीचे घर

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे पत्र आले, तेव्हा मला सर्वप्रथम आठवली ती नववीच्या वर्गात फळ्यावर आखलेली चार रिकामी घरे : हजार, शतक, दशक, एकक. त्यांच्याखाली गणिताच्या सरांनी लिहिले होते, ‘0, 1, 2, 3, 4, 5 हे अंक वापरून, एकही अंक दुसऱ्यांदा न घेता, चार अंकी सम संख्या किती तयार होतील?’ हा भाग आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. अकरावीत गेल्यावर तो पर्म्युटेशन, म्हणजे मांडण्यांची मोजणी, या नावाने भेटणार होता. तरीही शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर अर्धा तास थांबत आणि ज्याला थांबायचे असेल त्याला अशी उदाहरणे घालत.

मी उत्तर काढले 180. हजाराच्या घरात शून्य चालत नाही म्हणून तिथे पाच पर्याय, एककात 0, 2, 4 असे तीन, उरलेल्या दोन घरांत चार आणि तीन, आणि या सर्वांचा गुणाकार. सरांनी ते चूक म्हटले नाही. ‘हजार आणि एकक यांच्या जोड्या किती धरल्यास? पंधरा ना? मग त्या पंधराही लिहून काढ,’ एवढेच ते म्हणाले. मी लिहीत गेलो आणि दोन जोड्यांवर हात थांबला. 2 आणि 2, तसेच 4 आणि 4 याही त्या पंधरांत आल्या होत्या. म्हणजे एकच अंक दोन्ही टोकांना बसला होता, आणि नियमात तर ते वर्ज्य होते. प्रत्येक जोडीमागे मधल्या घरांच्या बारा मांडण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे 24 संख्या जास्तीच्या मोजल्या गेल्या होत्या. खरे उत्तर 156.

मग सरांनी तेच उदाहरण दुसऱ्या वाटेने सोडवले. एककात शून्य असेल तर हजाराच्या घराची अडचणच उरत नाही आणि पाच, चार, तीन यांच्या गुणाकाराने 60 संख्या मिळतात. एककात 2 किंवा 4 असेल तर मात्र हजाराच्या घरात शून्यही नको आणि एककातला अंकही नको, म्हणून तिथे चारच पर्याय राहतात. पुढे शतकाला चार, दशकाला तीन. दोन गुणिले चार गुणिले चार गुणिले तीन म्हणजे 96. दोन्हींची बेरीज 156. ‘आधी अडचणीचे घर भरा,’ हे सरांचे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले ते त्या दिवशी. ज्या घरावर बंधन अधिक, तिथून मोजणी सुरू करायची, आणि एकाच अंकामुळे दोन घरे अडत असतील तर त्या अंकापाशी वाट दुभंगून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या. शून्य हा असाच अंक आहे. पुढे मी स्वतः तंत्रनिकेतनात गणित शिकवले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका मला याच दुभंगाच्या जागी सापडल्या. सूत्र पाठ असूनही त्यांचे उत्तर चुकत असे.

आमची शाळा चाळीसगाव तालुक्यातली, त्यामुळे पाटणदेवीची सहल ठरलेली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने पाटण येथे मठ स्थापन केला होता, आणि त्याची नोंद असलेला शिलालेख तिथे आहे, हे सरांनी आम्हाला सहलीतच सांगितले. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाच्या शेवटी ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे आणि त्यात आपण शनिवारी सोडवतो तशीच उदाहरणे आहेत, हे ऐकून मला झालेला आनंद आजही आठवतो. 3, 9 आणि 8 यांच्यापासून किती संख्या होतात आणि त्या सर्वांची बेरीज किती, हे त्यांतले एक. संख्या सहा; प्रत्येक घरात प्रत्येक अंक दोनदा येतो, म्हणून प्रत्येक घराची बेरीज 40 आणि एकूण बेरीज 40 गुणिले 111, म्हणजे 4440. शंख, चक्र, गदा, पद्म विष्णूच्या चार हातांत अदलून-बदलून दिल्यास मूर्तिभेद 24 होतात, हेही तिथलेच. संध्येतील विष्णूची केशवादी चोवीस नावे घरी रोज कानावर पडत. पण चार, तीन, दोन, एक यांच्या गुणाकाराशी मी ती कधी जोडून पाहिली नव्हती.

अंकपाशातले शेवटचे उदाहरण सरांनी आम्हाला दहावीच्या निरोपाआधीच्या शनिवारी घातले आणि उत्तर सांगितले नाही. पाच अंकी संख्या, शून्य कुठेही नाही, अंकांची बेरीज 13. अशा संख्या किती? इथे पुनरावृत्तीला मोकळीक होती, त्यामुळे कोणते घर अडचणीचे हेच ठरेना. आठवडाभर मी यादी करत राहिलो आणि ती हाताबाहेर गेली. अखेर सरांनी टेबलावर तेरा चिंचोके ओळीने मांडले, चार आगकाड्या पुढे ठेवल्या आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. चिंचोक्यांमध्ये बारा फटी होत्या. कोणत्याही चार फटींत काड्या ठेवल्या की ओळीचे पाच भाग पडतात, एकही भाग रिकामा राहत नाही, आणि इतर चार भागांत निदान एकेक चिंचोका असल्याने कोणताही भाग नवाच्या वर जाऊ शकत नाही. अडचण घरांत नव्हतीच, ती फटींत होती. काड्यांचा आपसातला क्रम बदलला तरी भाग तेच राहतात, म्हणून बारा, अकरा, दहा, नऊ यांच्या गुणाकाराला मी चोवीसने भागले आणि 495 लिहून वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आधी चिंचोके परत डबीत भरले, मग उत्तराखाली लाल शाईने बरोबरची खूण केली.