स्की घडते ती प्रेसमध्ये

घरी स्की किंवा स्नोबोर्ड बनवू पाहणारा माणूस सहसा आराखड्यापासून सुरुवात करतो: लांबी किती ठेवायची, कंबर, म्हणजे मधला अरुंद भाग, किती रुंद, टोक किती उचललेले, वरच्या थरावर चित्र कोणते. मुंबईत हे काम करताना माझे मत असे झाले आहे की आधी थरांवर दाब देणारी प्रेस उभी करावी आणि आराखड्याकडे नंतर वळावे. स्की ही रेझिनने (इथे इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) एकत्र आणलेल्या थरांची वस्तू आहे आणि ते थर किती समान दाबाखाली जुळले यावर तिचे आयुष्य ठरते. आराखड्यातली उणीव पुढच्या जोडीत भरून काढता येते, पण दाब कमी पडलेली जोडी पहिल्याच हंगामात थर सोडू लागते.

हे थर खालून वर असे येतात. बर्फावर घसरणारी तळपट्टी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची, साधारण १.२ ते १.४ मिमी जाडीची असते. तिला दोन्ही बाजूंनी पोलादी कडा असतात. कडांवर रबराची पातळ पट्टी, त्यावर फायबरग्लास, मग लाकडी गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना एबीएस प्लास्टिकच्या भिंती, पुन्हा फायबरग्लास आणि सर्वांत वर आवरणाचा थर. रबराची पट्टी पुष्कळांना अनावश्यक वाटते; परंतु पोलाद आणि फायबरग्लास ताणाला सारखा प्रतिसाद देत नाहीत आणि त्यांच्यातली ही ओढाताण रबर सोसते, म्हणून ती वगळू नये.

प्रेसची कल्पना साधी आहे. पोलादी चौकटींच्या आत साचा, साच्यावर हे थर, थरांवर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पत्र्यावर अग्निशमनासाठी वापरतात तो होज, म्हणजे चपटा होणारा लवचिक पाइप, ठेवायचा. होजची दोन्ही टोके जाड पट्ट्यांमध्ये बोल्टने आवळायची आणि आत हवा भरायची. क्लॅम्प जिथे लावला तिथेच दाबतो, हवा मात्र सर्वत्र सारखी दाबते, आणि वळणदार साच्यावर हाच गुण निर्णायक ठरतो. अग्निशमनाचा ६३ मिमीचा आरआरएल (आतून रबराचे अस्तर असलेला) होज आपल्याकडे सर्रास वापरला जातो, त्यामुळे तो मिळवणे अवघड नाही.

हिशेब मात्र नीट करावा. दोन होज शेजारी शेजारी चपटे बसले की सुमारे १५ सेंमी रुंदीचा पट्टा दाबला जातो. १८० सेंमी लांबीवर हे क्षेत्र २७०० चौरस सेंमी होते आणि ३ बार, म्हणजे साधारण ४४ पीएसआय दाबाला त्यावर ८ टनांहून थोडे अधिक बल येते. हे बल होजच्या रुंदीवरून मोजायचे, स्कीच्या नव्हे. कंबर १० सेंमीच असेल तर सगळे बल त्या अरुंद जागेवर एकवटते, म्हणून दोन्ही बाजूंना तितक्याच जाडीच्या पट्ट्या भरून घ्याव्यात. दर २० सेंमीला एक चौकट ठेवली तर प्रत्येकीच्या वाट्याला ९०० किलोच्या आसपास भार येतो. स्नोबोर्डसाठी ३० सेंमी रुंदी धरली तर १६० सेंमी लांबीवर हेच बल १४ टनांच्या पुढे जाते. पुढेमागे बोर्ड करायचा विचार असेल तर चौकटी पहिल्यापासूनच त्या हिशेबाने रुंद आणि भक्कम कराव्यात, कारण वेल्ड केलेली चौकट नंतर रुंद करणे फार त्रासाचे असते. आणखी एक गोष्ट: चौकटीतला वरचा गर्डर, म्हणजे आडवी पोलादी तुळई, किंचित वाकला तर होज ती तफावत भरून काढतो, पण खालचा वाकला तर त्याच्याबरोबर साचा वाकतो आणि ते वळण स्कीमध्ये कायमचे उतरते. जड गर्डर खालीच हवा.

साकीनाक्याच्या ज्या गाळ्यात मी चौकटी करून घेतल्या, तिथल्या मिस्त्रींनी आकृती पाहताच विचारले, "साहेब, टेस्टिंग हवेने करणार की पाण्याने?" प्रश्न अगदी नेमका होता. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे जोड सुटला तरी दाब क्षणात उतरतो. दाबलेल्या हवेत मात्र ऊर्जा साठलेली असते आणि ती स्फोटासारखी बाहेर पडते. म्हणून पहिली चाचणी पाणी भरून, कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे ४.५ बारवर करावी. त्यानंतरच कॉम्प्रेसर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जोडावा, आणि दाब चढत असताना होजच्या टोकांसमोर कोणालाही उभे राहू देऊ नये.

ज्यांच्याकडे गाळा नाही त्यांना व्हॅक्यूमचा मार्ग मोकळा आहे. पिशवीतील हवा काढून घेतली की बाहेरची हवा जास्तीत जास्त १ बार दाब देते. तेवढ्यावर चांगली स्की होऊ शकते, मात्र सगळे भाग एकमेकांत अचूक बसावे लागतात. हॉवर्ड हेड या अमेरिकी विमान अभियंत्याने १९४७ नंतर ॲल्युमिनियम आणि प्लायवुडच्या स्कींवर प्रयोग केले, तेव्हा दाबासाठी रबरी पिशवीतली हवा उपसून आणि उष्णतेसाठी मोटारींमधून काढलेले जुने तेल तापवूनच त्याने काम भागवले होते.

गाभ्यासाठी सागवानाचा मोह टाळावा. सागवान जड असते आणि त्यातील तेलामुळे इपॉक्सी नीट धरत नाही. प्लायवुडसाठी उत्तर भारतात मोठ्या प्रमाणावर लावले जाणारे पॉप्लर हलके आहे आणि चिकटते चांगले. लाकूडबाजारात सरळ रेषांच्या, गाठी नसलेल्या फळ्या निवडायला पुरेसा वेळ द्यावा. कोकणातल्या माणगा बांबूकडूनही मला आशा आहे. तो जवळजवळ भरीव असल्यामुळे त्याच्या चौकोनी पट्ट्या काढता येतात, आणि बाइंडिंगखालच्या, म्हणजे बूट स्कीला जखडणाऱ्या साधनाखालच्या, भागात पॉप्लरच्या जोडीला त्या घातल्या तर स्क्रूला चांगला आधार मिळावा.

गाभा टोकांना सुमारे २ मिमी आणि पायाखाली ११-१२ मिमी असा निमुळता करावा लागतो, आणि इथे घाई अजिबात चालत नाही. नुसत्या लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फायबरग्लासच्या थरांमुळे ही वाढ काहीशी मवाळ होते, तरीही ११ मिमीचा गाभा १२ मिमी केला की स्की सुमारे २० टक्क्यांनी ताठ होते. जोडीतल्या दोन गाभ्यांमध्ये अर्ध्या मिमीचा फरकही पायाला कळतो. त्यामुळे दोन उतरत्या रुळांवरून राउटर (फिरत्या पात्याने लाकूड तासणारे यंत्र) फिरवून गाभा तासावा आणि दर १० सेंमीला कॅलिपरने मोजावा.

मुंबईत या कामाचा खरा शत्रू दमट हवा आहे. पावसाळ्यात इथल्या उघड्या लाकडातील ओलावा १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो, तर गाभ्यात तो ६ ते ८ टक्के असावा लागतो. असे ओले लाकूड प्रेसमध्ये घातले तर काश्मीरच्या कोरड्या थंडीत ते आकसते आणि जोडांवर ताण येतो. शिवाय दमट हवेत इपॉक्सीच्या हार्डनरचा ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पृष्ठावर तेलकट पांढरी साय धरते, जिच्यावर पुढचा थर चिकटत नाही. यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने निवडावेत, किंवा वातानुकूलित खोलीत काम करावे, आणि हार्डनर संथ घ्यावा, कारण इथल्या उन्हाळ्यात जलद हार्डनर थर मांडून होण्याआधीच घट्ट होऊ लागतो. होड्यांना फायबर चढवणारे कारागीर वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असले तरी घट्ट होताना बरेच आकसते आणि लाकडाला इपॉक्सीइतके धरत नाही. स्कीसाठी ते घेऊ नये.

कडा आणि तळपट्टी परदेशातून मागवलेली बरी. पॉलिएथिलीनला सहसा काहीच चिकटत नाही, म्हणून स्कीच्या तळपट्टीची एक बाजू ज्योतीने किंवा विद्युत प्रक्रियेने तयार केलेली असते. कारखान्यांना लागणाऱ्या साध्या शीटला ही प्रक्रिया नसते.

स्की प्रेसमधून काढल्यावर लगेच कापायला घेऊ नये, एक दिवस तशीच राहू द्यावी. मग कडा साफ करून दोन्ही टोकांना आधार द्यावा, मधोमध ठरावीक वजन ठेवावे आणि स्की किती वाकते ते मोजून जोडीतल्या दुसरीशी ताडून पाहावे. हे आकडे जुळले तरच बाइंडिंग बसवावे. धातूचा थर नसलेल्या स्कीला ३.५ मिमीचे ड्रिल लागते आणि छिद्र ९ मिमीपेक्षा खोल जाता कामा नये, त्यामुळे ड्रिलला तेवढ्यावर अडणारा थांबा बसवूनच पहिले छिद्र पाडावे.